ब्रेकर आला की उतरायचं

स्प्रिंग जागेवरून निसटली तर?

या एका प्रश्नानं माझी कित्येक दिवस झोप खाल्ली. शेजारी मनू, तिच्या पलीकडे नवरा, दोघंही गाढ. आणि मी छताकडे बघत मनातल्या मनात आमची गाडी खड्ड्यात घालून पाहतेय. दर वेळी स्प्रिंग निसटते. दर वेळी मागच्या सीटवर मनू असते.

सकाळी कुणाला सांगावं तर हसतात. "वहिनी, तुम्ही लय विचार करता!" करते खरी. घरात कुणीतरी करायला हवा, आणि बाकी सगळे बिझी असतात.

गाडी एकच, तीही सेकंडहँड, पण तिचे किस्से साठतच जातात. डिक्कीत फडकी, पाने, रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही. एखाद्या दिवशी साफ करायला बसावं, तर एकेक वस्तू हातात घेऊन आपण तिथंच बसून राहतो.

माणसं थोडकीच आहेत. प्रशांत, म्हणजे माझा नवरा. साकोलीत मोटारपंपांचं दुकान आहे त्याचं. मोंटू, त्याचा शाळेपासूनचा मित्र, हायवेला गॅरेज. माझ्या सासूबाई, प्रशांत त्यांना 'बाई' म्हणतो. पाच वर्षांची मनू. आणि मी. बारावीच्या पोरांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते. स्प्रिंगचा नियम फळ्यावर बिनचूक लिहिते. घरात मात्र त्याचा उपयोग शून्य.

*

गाडी घेतली ती मनूसाठी. तिला दम लागतो. थंडीत, धुक्यात, माझ्या शालीत गुंडाळून मोटारसायकलवरून साकोलीच्या डॉक्टरांकडे न्यायचो. पोचेपर्यंत तिचे ओठ निळसर झालेले असायचे. का माझ्याच डोळ्यांना तसे दिसायचे, देव जाणे. शेवटी प्रशांत म्हणाला, "आता बस झालं. गाडी घेऊ."

त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता. तारीख लिहून ठेवायला हवी होती!

महिनाभरानं तो अंगणात उकिडवा बसून चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून पाहत होता. चार बोटं आरामात जात होती. त्याचा चेहरा पडला.

"उंट दिसून राहिली वो गाडी."

मी म्हटलं, "अहो, उंच आहे म्हणून तर आपल्या गावच्या रस्त्यानं जाते!"

तो म्हणाला, "जाते गं. पण दिसत नाही ना!"

*

गाडी खाली करायची ठरली. बजेट मर्यादित आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणाचं मर्यादित, एवढंच ठरायचं होतं.

आधी खाली झाल्यावर कशी दिसेल ते पाहायचं होतं. मोंटूनं फुकटातली आयडिया काढली. डिक्कीत आणि मागच्या सीटवर धानाची पोती भरली. गाडी मागून बसली, नाक वर. मग पुढच्या सीटवरही पोती. दोघं लांब जाऊन, डोळे बारीक करून बघत होते. मोबाइलमध्ये फोटो काढत होते.

सासूबाई पडवीतून हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"काय गा, गाडी खालीच बसवाची होती, तं मले सांगाचं ना! माह्या दोघी बहिणींले बोलावून घेतलं असतं!"

*

पोत्यांवर दिल खूश झालं. आता कायमचा इलाज. मोंटू म्हणाला, स्प्रिंगाच कापू. नवीन सेट कशाला? ग्राइंडर आहे, आपला हात आहे. प्रत्येक स्प्रिंगचा एकेक राउंड उडवला आणि गाडी झाली खाली. फटीत आता जेमतेम मनूची मूठ जात होती. प्रशांतनं तिचीच मूठ घालून पाहिली आणि मी जोरात ओरडले. तो दचकला. "गाडी बंद आहे!" म्हणाला.

मी गॅरेजवर गेले, तेव्हा गाडी जॅकवर होती. चाक खाली लोंबकळत होतं आणि वर ती कापलेली स्प्रिंग, तिच्या जागेत, चक्क सुटी. बोट लावलं तर हलत होती. शॉकअप जुनाच, लांब. स्प्रिंग आखूड. मधल्या अंतराचं काय?

मी म्हटलं, "मोंटूभाऊ, खड्ड्यात चाक असंच खाली जाणार. तेव्हा ही स्प्रिंग निसटली तर?"

मोंटूनं हात पुसले. माझ्याकडे फार समजुतीनं पाहिलं.

"वहिनी, पण खड्ड्यात गाडी टाकाचीच काहून?"

माझं शिक्षण तिथं संपलं.

*

आमच्या गावच्या वेशीवर एक ब्रेकर आहे. सरकारी नव्हे, घरगुती. नालीचं काम झालं तेव्हा उरलेलं काँक्रीट गावकऱ्यांनी रस्त्यावर आडवं टाकलं, म्हणजे पोरं सुसाट जाणार नाहीत. उंची कुणी मोजली नाही. काँक्रीट जेवढं उरलं तेवढी उंची!

गाडी खाली झाल्यावर पहिल्याच दिवशी पोट असं घासलं की पारावरची माणसं उठून उभी राहिली. तेव्हापासून नियम झाला. ब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं. रिकामी गाडी थोडी वर उठते. प्रशांत तिला तिरकी करून, एकेक चाक चढवत, मूल झोपवावं इतक्या हळुवारपणे पलीकडे नेतो. मग आपण चालत जायचं आणि परत बसायचं.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी आम्ही सगळे नटूनथटून निघालो. ब्रेकर आला. सासूबाई नव्या लुगड्यात, मी मनूला कडेवर घेऊन, आम्ही उतरलो. मागून एसटी आली. कंडक्टरनं खिडकीतून मुंडी काढली.

"बंद पडली का गा? धक्का देऊ का?"

प्रशांत छाती काढून म्हणाला, "बंद नाही! मॉडिफाय आहे!"

"मंग बंदच म्हणा ना!"

सगळी एसटी हसली. सासूबाईही. मी हसले नाही. मी मनूच्या तोंडावर पदर धरला होता; धूळ उडत होती.

*

मी हट्टाला पेटले. गाडी खाली करायचीच असेल, तर नीट करा. नाहीतर मनू त्यात बसणार नाही, रिक्षानं जाईल. लग्नानंतर पहिल्यांदाच आवाज चढवला. नंतर स्वयंपाकघरात जाऊन, आपण जास्त तर बोललो नाही ना, याचा विचार करत बसले. माझं असंच आहे.

पण प्रशांतनं ऐकलं. रात्रंदिवस मोबाइलवर वाचत होता. कमी उंचीच्या पण दोन्ही टोकांना नीट बसणाऱ्या स्प्रिंगा. त्यांना जुळणारे शॉकअप. अलाइनमेंट. हेडलाइटचा रोखसुद्धा पुन्हा लावावा लागतो म्हणे. आणि दोन बोटांपेक्षा जास्त खाली करायची हाव धरायची नाही. मला समजावून सांगताना त्याच्या डोळ्यांत असं काही तेज होतं की वाटलं, हा माणूस माझ्या वर्गात असता तर पहिला आला असता.

बाहेरून एम.एस्सी.च्या परीक्षेचा फॉर्म मी त्या वर्षी भरणार होते, शिकवण्यांतून फी साठवली होती. "पुढच्या वर्षी भर ना, युनिव्हर्सिटी काय पळून चालली का?" असं प्रशांत म्हणाला.

नागपूरहून स्प्रिंगा आल्या. खोटं कशाला बोलू, गाडी सुरेख चालायला लागली. वळणावर झुकत नाही, खडखडत नाही. ब्रेकरला तेवढं अजूनही उतरायचं. माझी झोपही परत आली. साकोलीच्या रस्त्यावर मी खिडकीला टेकून डोळे मिटले आणि विचार केला, माझी एम.एस्सी. किती स्मूथ चालते!

*

गाड्या खाली करणाऱ्या मंडळींचा एक ग्रुप आहे, त्यांचा दर रविवारी हायवेच्या धाब्यावर मेळा. सगळ्या बसक्या गाड्या ओळीनं उभ्या करायच्या आणि फोटो काढायचे. चालवायच्या कुणीच नाहीत. एकदा आम्हालाही नेलं. पाहते तर मोंटू स्वतः आला उंचच्या उंच जीपमधून!

मी विचारलं, "हे काय मोंटूभाऊ? सगळ्यांच्या गाड्या खाली बसवल्या, अन् तुमची एवढी उंच?"

तो गंभीरपणे म्हणाला, "यायच्या गाड्या ओढून आणाले लागते ना वहिनी!"

*

एकदा गाडी अलाइनमेंटला गेली होती, म्हणून दोन दिवस मनूला शाळेच्या रिक्षानं पाठवलं. दुसऱ्या संध्याकाळी रिक्षावाले काका दारात उभे. मला वाटलं, संपलं, काहीतरी झालं.

"मॅडम, तुमची पोरगी ब्रेकर आला की उतरून जाते वो! थांबवल्याशिवाय राहत नाही. आता बाकीचे पोट्टेही उतरून राहिले. शाळेत पोचाले उशीर होऊन राहिला मले!"

मी मनूला विचारलं, "काहून उतरली गं?"

ती माझ्याकडे, मी मठ्ठ असल्यासारखं पाहत राहिली. "ब्रेकर होता ना."

प्रशांत हसून हसून बेजार झाला. ग्रुपवर टाकलं. पुष्कळ अंगठे आले.

*

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. दुपारचं जेवण झालं आणि मनूला दम लागला. नेहमीसारखा नव्हे. इनहेलरचा पंप दिला, वाफ दिली, उतरेना. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. प्रशांत दुकान तसंच टाकून आला. मी मनूला मांडीवर घेऊन मागे बसले, सासूबाई पुढे. प्रशांतनं गाडी अशी काढली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

वेशीवर ब्रेकर आला.

आणि गाडी थांबली. प्रशांतचा पाय आपोआप ब्रेकवर गेला असणार. सासूबाईंनी दार उघडलंसुद्धा. माझाही हात कडीवर होता. मीही विचार केला नव्हता. मी, जी लय विचार करते ती!

आरशात प्रशांतची आणि माझी नजर भेटली. त्याचा चेहरा असा झाला होता, जसा मी कधी पाहिला नाही.

"कोणी उतरू नका," तो म्हणाला. "बाई, दार लाव. दार लाव ना वो!"

आणि त्यानं गाडी सरळ घातली. तिरकी नाही, हळू नाही. आम्हा सगळ्यांच्या वजनासकट. खालून असा आवाज आला, जसं कुणी पत्रा फाडतंय. पुढून पोट घासलं, मग मधून, मग मागून. काहीतरी तुटून रस्त्यावर पडलं आणि घरंगळत गेलं. प्रशांतनं मागे वळून पाहिलं नाही. आरशातही पाहिलं नाही.

नुसता मनूचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा.

मग तिनं माझ्या मांडीवरून मान उचलली. पुढच्या सीटच्या पाठीला हात लावला. एकेका शब्दाला थांबत, दम घेत म्हणाली,

"पप्पा... आम्हाले उतरवाचं विसरले तुम्ही... मागं घ्या ना... मी चालते."