साडूचा मान आणि पहिलं पान

दौंड स्टेशनसमोर माझं सायबर कॅफे होतं. म्हणजे चार कॉम्प्युटर, एक पंखा आणि मी. बाहेरच्या पाटीवर रंगाऱ्यानं 'वेबसाईट बनवून मिळेल' असं लिहिलं आणि खाली वीतभर जागा उरली. पाटी मोकळी बरी दिसत नव्हती, म्हणून मी त्याला आणखी एक ओळ सांगितली : 'सर्चमध्ये वर आणून मिळेल.' ते कसं आणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ओळ पाटीवर छान बसली.

ती ओळ वाचून एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, मिशीला कलप, काखेत क्लॅरिनेटची पेटी. शिरूरचे नावाजलेले बँडवाले. आजूबाजूची सगळी गावं त्यांना आबा म्हणत.

"वर म्हंजी किती वर?"

"पहिल्या पानावर, आबा."

"पानावर कितवा?"

मी म्हटलं, "आधी पान तर गाठू."

त्यांची अडचण साधी होती. गावोगाव डीजे आला होता. वाजवणारे गडी एकेक करून रांजणगावच्या कारखान्यांत लागले होते. सोलापूरचा एक व्यापारी वाद्यं बघून गेला होता. तुळशीच्या लग्नापर्यंत सुपाऱ्या आल्या तर बँड राहणार, नाहीतर ढोलापासून क्लॅरिनेटपर्यंत सगळं टेम्पोत चढणार. पुण्याची नोकरदार मंडळी लग्नं गावाकडे करतात आणि बँड मात्र कॉम्प्युटरवर शोधतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

मी पानभर वेबसाईट बनवली आणि मग फुकटच्या साधनांच्या शोधाला लागलो. काय एकेक नमुना होता! त्या काळी अशा साधनांची इंटरनेटवर जत्राच भरलेली असायची. एक तुमच्या पानावरचे शब्द मोजायचं. दुसरं एक बटण दाबताच तुमचा पत्ता शेकडो सर्च इंजिनांना पाठवायचं; त्यातल्या बहुतेकांची नावं त्यांच्या आईबापांनीही ऐकली नसतील. तिसरं आपला नंबर कितवा ते सांगायचं. चौथं तर तपासनीस मास्तर होतं, शंभरपैकी मार्क द्यायचं आणि खाली लाल अक्षरात शेरे मारायचं.

"हे सगळं फुकट?" आबांनी विचारलं. "मग त्यांचं पोट कशावर भरतं?"

"आपल्याला मेल पाठवून."

"मेल खाऊन जगत्यात?"

चौथ्या साधनानं आम्हाला नापास केलं. शेरे असे : मजकूर फार कमी, गावांची नावं नाहीत. शिवाय तुमच्या धंद्यातल्या इतरांचा उल्लेख करा, त्यांना तुमचा करायला लावा. मी हे मराठीत सांगितलं, तसे आबा खुर्चीत ताठ झाले.

"मग सरळ सांग की पत्रिका छापायची हाय म्हणून! घे लिहून."

आणि त्यांनी आख्खी लग्नपत्रिका सांगितली. निमंत्रक, व्यवस्थापक, आपले स्नेही. केंदूरचे पाहुणे, वरवंडचे पाहुणे, मामा, मावसभाऊ, सगळ्यांची गावं कंसासकट. मराठी अक्षरं तेव्हा निम्म्या कॉम्प्युटरांवर नुसते चौकोन दिसत, म्हणून सगळा गोतावळा मी इंग्रजी अक्षरांत बसवला. लग्न कुणाचंच नव्हतं, तरी शेवटी चिमुकल्यांची ओळ आलीच : 'आमच्या आबांचा बँड बोलवायचा हं!'

मग आबा थांबले. पंख्याकडे बघत म्हणाले, "साडूचं घाल."

साडू म्हणजे दौंडचे बँडवाले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघे एकेकाळी एकाच बँडमध्ये होते. मिरवणुकीत पुढं कुणी उभं राहायचं यावरून फुटले आणि तेव्हापासून एकमेकांना फक्त मयतीत भेटत.

"आबा, ते तुमचे स्पर्धक. त्यांची जाहिरात तुम्ही का करताय?"

"जाहिरात न्हाई, मान हाय. साडूचं नाव गाळलं तर बायको जेवायला वाढंल का मला? आन् नुसतं नाव नको, बँडचं नाव पण घाल. निमंत्रकात घाल, स्नेह्यांत घाल. कमी पडलं म्हणायला नको."

घातलं. काही आठवड्यांनी तिसऱ्या साधनाला नंबर विचारला. शिरूरचा बँड शोधला तर आम्ही तिसऱ्या पानावर, कुठल्याशा नटबोल्टच्या कारखान्याखाली. मग गंमत म्हणून मी साडूंच्या बँडचं नाव टाकलं. आम्ही पहिले! साडूंची स्वतःची वेबसाईटच नव्हती. जगात कुणीही दौंडचा बँड शोधला की त्याला शिरूरच्या आबांचा फोन नंबर मिळत होता. मला इतका आनंद झाला की मी पंखा बंद करून चालू केला.

पहिला फोन आला तेव्हा आबा योगायोगानं कॅफेतच होते. पुण्याहून कुणी मोठ्या भावाचं लग्न ठरवत होतं, वरवंडला. त्याला दौंडचाच बँड हवा होता. मी हातवाऱ्यांनी सांगत होतो, घ्या, घ्या, वाजवणाऱ्याचं तोंड कोण बघतंय! तुळशीचं लग्न आठवड्यावर आलेलं. आबांनी फोनवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि फोनात म्हणाले, "मी त्यांचा थोरला साडू. त्यांचा नंबर देतो, लिहून घ्या."

मी कपाळाला हात लावला. माझ्या मते टेम्पो सोलापुरातून निघाला होता.

दुसऱ्याच दिवशी साडू कॅफेत हजर. त्यांचं नाव इंटरनेटवर कुठं वाचलं, हे पुण्याच्या गिऱ्हाइकानं त्यांना फोनवर सांगितलं होतं. आबांपेक्षा उंच, आवाज भोंग्यासारखा.

"माझं नाव कुणाला इचारून टाकलं?"

"आबांनी टाकायला लावलं. मान म्हणून."

त्यांनी पान दाखवायला लावलं. स्वतःचं नाव निमंत्रकात वाचलं, स्नेह्यांत वाचलं, चिमुकल्यांपर्यंत गेले आणि परत वर आले. आवाज खाली आला.

"मला पण असलं पान कर. आन् त्यात त्याचं नाव घाल. त्याच्यापेक्षा एकदा जास्त." उठता उठता म्हणाले, "आहेर घेतल्यावर परत करायला नको व्हय?"

धंद्यातल्या इतरांना तुमचा उल्लेख करायला लावा, हा लाल शेरा असा पुरा झाला. दोन्ही पानं एकमेकांचा मान करत वर सरकू लागली.

वरवंडच्या सुपारीची गंमत वेगळीच. सुपारी मोठी होती आणि साडूंकडे गडी अर्धेच उरले होते. ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. आबांकडेही अर्धेच. मग साडू शिरूरच्या एसटीत बसले. दोन अर्ध्यांचा एक बँड ठरला आणि व्यापाऱ्याला नको म्हणून निरोप गेला. आता प्रश्न एकच उरला : गाडीवरच्या पाटीवर आधी नाव कुणाचं?

दोघे माझ्या कॅफेत येऊन बसले. म्हणाले, तुझं ते फुकटचं मशीन सांगंल ते खरं. मी वरवंडसाठी बँड शोधला. पहिले साडू, दुसरे आबा.

आबांनी मान हलवली. "ठीक हाय. मशीनला नातं कळत न्हाई."

साडूंनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून बघितलं. पहिला नंबर बघायला त्यांना बरं वाटत असावं. मग पाटीसाठी बोलावलेल्या, बाहेर पायरीवर बसलेल्या रंगाऱ्याला त्यांनी भोंग्यासारख्या आवाजात सांगितलं, "थोरल्याचं आधी लिव्ह."

वरवंडच्या वरातीत मी होतो. पाटीवर आबांचं नाव वर होतं आणि मिरवणुकीत पुढं साडू होते. आबा त्यांच्या मागं दोन पावलांवर, डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवत चालले होते.