क्लेम हेबलथ्वेटचे यीस्ट

मी नाटक कंपनीचा फिरता संसार सोडून थॉर्नबी ब्रिज या गावी कायमचा राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. दोन्ही हातांत लेबल नसलेली एकेक बाटली.

"दर नाताळात लीड्सला बाईचे कपडे घालून स्टेजवर धिंगाणा घालायचा, तो तूच ना?"

"मीच."

"मग या घ्या, बाईसाहेब. शेजारी आलात."

हा क्लेम. तीस वर्षे झाली, माझे सिड हे नाव त्याने फार तर चार वेळा उच्चारले असेल. आणि त्या बाटलीतली बिअर! मी उत्तर इंग्लंडातल्या प्रत्येक गावात, प्रत्येक थिएटरच्या मागच्या गल्लीतल्या पबमध्ये प्यायलेला माणूस. पण तशी चव पूर्वी एकाच बिअरची होती, आणि ती बनवणारा ऑल्डरसनचा कारखाना तर केव्हाच बंद पडला होता.

क्लेम पंधराव्या वर्षी त्या कारखान्यात लागला. माल्टाचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, गोड रस यीस्ट घालून आंबवायचे जे मोठे दगडी हौद असत, त्या खोलीत. अठ्ठावीस वर्षे तो तिथेच होता. जानेवारीतल्या एका शुक्रवारी मालकांनी कारखाना विकला आणि सगळ्यांना घरी पाठवले. त्या दिवशी क्लेमने हौदावरचा यीस्टचा फेस दुधाच्या बाटलीत भरला आणि ती कोटाच्या आत काखेत धरून फाटकाबाहेर पडला. सोमवारी नव्या मालकांनी हौद उकळत्या पाण्याने धुऊन काढले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे त्या गावात जिवंत असलेले ते यीस्ट आता फक्त क्लेमच्या फ्रिजमध्ये होते.

यीस्ट जिवंत वस्तू. तिला तीन-चार महिन्यांनी खाऊ घालावे लागते, म्हणजे बिअर करावी लागते. क्लेमची पद्धत कारखान्याचीच. बाटलीतले सगळेच्या सगळे यीस्ट नव्या रसात घालायचे, तीन दिवसांनी वर आलेल्या जाड फेसातून ताजे काढून बाटली पुन्हा भरायची. जुने मागे ठेवायचे नाही. मी एकदा म्हणालो होतो, "अरे, थोडं बाजूला काढून ठेव की. उद्या काही झालं तर?" त्यावर तो म्हणाला, "शिळं यीस्ट ठेवणारा माणूस आळशी असतो, बाईसाहेब. आमच्यात त्याला हौदाजवळ उभं करत नसत."

आणि त्या यीस्टचे नखरे काय सांगू! एकोणीस अंश उष्णता हवी. सोळावर आले की झोपी जाते, चोवीसवर गेले की भलताच वास सोडते. शिवाय सकाळ-संध्याकाळ वरचा फेस ढवळून खाली दाबायचा, नाहीतर सगळे वर चढून बसते आणि खालचे काम अर्धवट राहते. म्हणून बिअर लावली की आठवडाभर क्लेमचा मुक्काम गॅरेजमध्ये. थंडी वाढली की रसाच्या बादलीला घोंगडी आणि गरम पाण्याच्या पिशव्या, ऊन पडले की ओला टॉवेल आणि उघडी खिडकी. दर चार तासांनी थर्मामीटर. पस्तीस वर्षे त्याने हे केले.

मग त्याच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. त्याची बायको डोरीन हिने स्वयंपाकघरात माझ्यादेखत त्याला सांगितले, "क्लेम, ह्या डिसेंबरात तू त्या गॅरेजच्या फरशीवर पाय घसरून पडलास ना, तर मी तुला उचलणार नाही. तिथेच घोंगडी घालीन आणि दर चार तासांनी थर्मामीटर लावीन."

"मग यीस्ट मरेल गं."

"नाहीतर तू मरशील. दोघांतलं एक निवड."

त्याने तिसरेच निवडले. उष्णता आपोआप सांभाळणारा कंट्रोलर मागवला. साबणाच्या वडीएवढा काळा डबा, पुढे लाल आकडे, पाठीमागे आठ स्क्रू. घरी बिअर करणारे सगळे आता तोच वापरतात. बादली जुन्या फ्रिजमध्ये ठेवायची, शेजारी रोपांच्या काचघरात असते तशी विजेने तापणारी नळी. डब्याचा उष्णता मोजणारा सेन्सर लांब वायरीवर बादलीच्या आत सोडायचा. रस तापला की डबा फ्रिज चालू करणार, गार पडला की नळी.

वायरिंग आम्ही दोघांनी केले. म्हणजे त्याने केले, मी बॅटरी धरली आणि कागद वाचला.

"तपकिरी वायर कुठं?"

"एकला."

"निळी?"

"दोनला. सेन्सर तीन आणि चारला. मग पुढे लिहिलंय..."

"लिहिलंय काय? मध्येच काय थांबतोस? प्रॉम्प्टर पाहिजे का?"

"अक्षरं मुंगीएवढी आहेत, क्लेम! हां. पाच-सहाला नळी, सात-आठला फ्रिज. पण डबा स्वतः वीज देत नाही, नुसती जोडतो आणि तोडतो. म्हणून फेज पाचला आणि सातलाही न्यायचा."

"म्हणजे तपकिरीचे तीन तुकडे. आणि अर्थिंग सरळ नळी-फ्रिजच्या दोन्ही सॉकेटना. वाच पुन्हा."

मी पुन्हा वाचले. पाच वेळा वाचले. प्रत्येक स्क्रू आवळला की तो वायर ओढून बघे. डोरीन चहाचे मग घेऊन दारात आली.

"घर जाळायचं असेल तर आधी सांगा. मी फोटो तेवढे बाहेर काढते."

"अगं, फ्यूज आहे त्याच्यात."

"त्याच्यात असेल. तुझ्यात नाहीये."

शेवटी प्लग लावला. तिघेही एक पाऊल मागे सरलो. लाल आकडे उगवले. क्लेमने सेन्सर चहाच्या मगात बुडवला. आकडे भरभर चढले, टक् आवाज झाला आणि फ्रिज घरघरू लागला. मग सेन्सर बर्फात धरला. पुन्हा टक्. नळीला हात लावला तर कोमट. मी मोठमोठी नाटके यशस्वी होताना पाहिली आहेत, पण पडदा पडल्यावर एखाद्या नटाचा चेहरा त्या ठेंगण्या माणसाइतका उजळलेला मला आठवत नाही.

"आता जागायचं काम ह्याचं," तो म्हणाला. "मी झोपणार."

बाटलीतले सगळे यीस्ट घालून बिअर लावली, आणि दोन दिवस डबा एकोणीसवरून हलला नाही. बिअर लावलेली असताना घर सोडायचे नाही हा क्लेमचा नियम. त्यामुळे डोरीनच्या बहिणीकडे, स्कारबरोला, डिसेंबरात जाणे कधी झालेच नव्हते. तिसऱ्या दिवशी मी गाडी काढली. "चला, एक दिवस समुद्र बघून येऊ," म्हटले. क्लेम कुरकुरला, त्याच संध्याकाळी फेस काढून बाटली भरायची होती. पण संध्याकाळी तर परत येणारच होतो.

सकाळी आठला डोरीन टोपी घालून गाडीत बसली. क्लेम फेस ढवळायला गॅरेजमध्ये गेला होता. दहा मिनिटे झाली. मी हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. जरा नाटकीपणे, लांबलचक. तो लंगडत, हात पुसत आला.

"येतोय ना! स्टेजवर शेवटची घंटा झाल्यासारखा काय बोंबलतोस?"

दिवस फार छान गेला. मासे आणि चिप्स खाल्ले, डोरीन आणि तिची बहीण हसून हसून रडल्या. मी ज्या धक्क्यावर तीन उन्हाळे गाणी म्हटली होती तिथे क्लेमला नेले. तो वाऱ्यात उभा राहून म्हणाला, "डोरीनला आधीच आणायला हवं होतं."

सातला परतलो. क्लेम कोट न काढताच गॅरेजमध्ये गेला आणि मी त्याच्यामागे. लाल आकडे तीन दाखवत होते.

"तीन? अरे देवा, गारठलं!" त्याने फ्रिजचे दार ओढले.

आतून गरम वाफ आमच्या तोंडावर आली. उकडलेल्या कोबीसारखा आणि शिजलेल्या पिठासारखा वास. नळीला हात लावता येत नव्हता. वर टोपलीभर असायला हवा तो फेस खाली बसून त्याची तपकिरी साय झाली होती. क्लेमने जुना काचेचा थर्मामीटर घालून पाहिला. सेहेचाळीस.

मी वायरी बघत होतो. कुठली सुटली, कुठली जळली? एकही नाही. मग मला सेन्सरची वायर दिसली. ती फ्रिजच्या दाराच्या रबरातून बाहेर आली होती, भिंतीवरून वर गेली होती, आणि तिचे टोक खिळ्याला टांगलेले होते. स्वच्छ धुतलेले, पुसून कोरडे केलेले. गॅरेजमध्ये तीन अंश थंडी होती, आणि डब्याने ती थंडी बादलीतली समजून अकरा तास नळी तापवली होती.

क्लेम त्या खिळ्याकडे पाहत राहिला. ऑल्डरसनमध्ये थर्मामीटर हौदात कधीही सोडत नसत. काच फुटली तर पारा बिअरमध्ये. बुडवा, वाचा, धुवा, पुसा, खिळ्याला टांगा. पहिल्याच आठवड्यात त्याने एकदा तो हौदाच्या काठावर ठेवला, तेव्हा मुख्य यीस्टवाले मिस्टर पिकर्सगिल यांनी त्याचा कान पिळला होता. त्यानंतर साठ वर्षांत त्याचा हात कधी चुकला नाही. त्या सकाळीही चुकला नाही. ढवळताना सेन्सर काढला, धुतला, पुसला, टांगला. आधीचे दोन दिवस ढवळून झाल्यावर त्याने तो आठवणीने पुन्हा आत सोडला होता; त्या दिवशी मात्र इतक्यात बाहेर माझा हॉर्न वाजत होता.

डोरीनने दारातून विचारले, "काय झालं? वायरिंग?"

"वायरिंग उत्तम आहे," क्लेम म्हणाला.

त्याने खालचा गाळ सहा बाटल्यांत घेतला, कोमट साखरपाणी घातले, तोंडाला फुगे बांधले. जिवंत असेल तर फुगा भरतो. चार दिवस सहाही फुगे बाटल्यांच्या मानेवर लोंबत राहिले. पाचव्या दिवशी डोरीनने ते काढले. त्याने काढू दिले.

आता पुढचे. कारखाना बंद झाला त्या दिवसाच्या आठवणीसाठी जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी जुने कामगार क्लेमकडे जमतात आणि ऑल्डरसनची बिअर पितात. पहिल्या वर्षी चाळीस होते. गेल्या वर्षी सात. या वर्षी, क्लेम धरून, पाच. त्यांत मिस्टर पिकर्सगिल, वय एक्याण्णव.

"कळव त्यांना, येऊ नका म्हणून," डोरीन म्हणाली.

तेव्हा मी तोंड उघडले, आणि उघडायला नको होते. "दुकानातलं पाकिटातलं यीस्ट घाल. माल्ट तेच, पाणी तेच, हात तुझे. माणसं चव घेत नाहीत क्लेम, आठवण घेतात. मी पुठ्ठ्याच्या राजवाड्यात हजार माणसं रडवली आहेत."

"ती तिकीट काढून आली होती," क्लेम म्हणाला. "त्यांना पुठ्ठा ठाऊक होता."

पण तो थकला होता, आणि म्हाताऱ्यांना फोन करण्याचा धीर त्याच्यात नव्हता. त्याने पाकीट फोडले. या वेळी सेन्सर बादलीला चिकटपट्टीने असा बांधला की कात्रीशिवाय निघू नये. डब्याने तीन आठवडे एकोणीस अंश राखले. बिअर स्वच्छ, सोनेरी, निर्दोष झाली.

शुक्रवारी दुपारी मंडळी आली. डोरीनने डुकराच्या मांसाचे सारण भरून भाजलेला पोर्क पाय कापला, लोणच्यातले कांदे मांडले. क्लेमने ग्लास भरले. मी बाटली घेऊ लागलो तर त्याने दिली नाही.

"वा!" एकजण ओठ पुसत म्हणाला. "हीच ती!"

"डोळे मिटले की हौदाजवळच उभा आहे मी," दुसरा म्हणाला.

मी क्लेमकडे विजयाने पाहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो मिस्टर पिकर्सगिलांकडे बघत होता. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. ग्लास हळूच टेबलावर ठेवला.

"कधी गेलं रे, पोरा?"

क्लेमने बाटली खाली ठेवली.

"बारा डिसेंबरला, मिस्टर पिकर्सगिल."

"कसं?"

क्लेम उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पंधरा वर्षांच्या पोरासारखा हात मागे बांधून. त्याने सगळे सांगितले: डबा, सेन्सर, खिळा, स्कारबरो. हॉर्नचे मात्र सांगितले नाही.

"धुतला होतास?" म्हाताऱ्याने विचारले.

"हो, साहेब."

"पुसून टांगलास?"

"हो."

"मग तू बरोबर केलंस," मिस्टर पिकर्सगिल म्हणाले.

त्यांनी कान पिळला असता तर बरे झाले असते. क्लेम खाली बसला. मी घाईने म्हणालो, "ही पाकिटाची कल्पना माझी होती, मिस्टर पिकर्सगिल. ह्याला नको होती. आणि त्या सकाळी ह्याला घाईही मीच केली."

"तुम्ही नट ना?" ते म्हणाले. "मग ठीक आहे. तुमचं कामच ते." मग सगळ्यांना उद्देशून, "बिअर चांगली झालीय. प्या. फेकायची नाही."

सगळ्यांनी ग्लास संपवले. मघाशी डोळे मिटणारा मान खाली घालून पोर्क पाय चघळत होता. कारखान्याच्या गोष्टी निघाल्या, पण दरवर्षीसारख्या रंगल्या नाहीत; प्रत्येक गोष्ट हौदापर्यंत आली की सांगणारा थांबे.

चारला कोट घालायची वेळ झाली. दरवर्षी दारात एकच गलका होतो, "जानेवारीत भेटू! तोवर मरू नका!" या वर्षी तो गलका झाला नाही. डोरीन म्हणाली, "पुढच्या वर्षीही या हं. नुसता पोर्क पाय खायला या." मंडळींनी हो हो म्हटले, पण ते आपल्या बुटांकडे बघून.

मग मिस्टर पिकर्सगिलांनी हातमोजा काढला आणि क्लेमचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाशी हस्तांदोलन करताना पाहिले नव्हते. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग त्यांच्यामागून एकेकाने पुढे होऊन तसेच केले, आणि ते चौघे एकमेकांचे दंड धरून, बर्फावर जपून पाय टाकत, फाटकाकडे निघाले.