तीन तारखा

सुरतेत लिंबायतमधल्या महापालिकेच्या मराठी शाळेत मी बावीस वर्षं सामाजिक विज्ञान शिकवते आहे. आठवीला राज्यघटनेचा धडा आहे. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, मला मात्र मनापासून आवडायचा. फाळणीचे हाल चालू असताना, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना काही माणसं दिल्लीत एका सभागृहात जवळजवळ तीन वर्षं बसली आणि एकेका कलमावर भांडली, हे सांगताना माझा आवाज थोडा चढायचा. मसुदा कसा झाला, समित्या कशा नेमल्या, हे मी भराभर उरकत असे. एका गोष्टीवर मात्र थांबायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही मत द्यायचं ठरलं, आणि घटना लागू व्हायच्या आधीच गावोगाव माणसं फिरून प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव लिहून घेऊ लागली. मी मुलांना सांगायची, देश उभा करताना आधी यादी केली, कारण सरकार कोणाचं हे त्या यादीवरून ठरणार होतं.

दोन वर्षांपूर्वी हे सांगत असताना दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी वर्गात ती फारशी बोलत नसे.

"बाई, यादीत नाव नसलं तर?"

"तर मत देता येत नाही."

"आमच्या आजीचं नाव कापलंय. ती म्हणते, मी मेले असं लिहिलंय का विचार तुझ्या बाईला."

मुलं हसली. मी तिला कोणत्या गल्लीत राहते ते विचारलं. तिनं सांगितलं. ती गल्ली माझ्याकडे होती.

आम्हा शिक्षकांना मतदार यादीचं काम असतं. घरोघर जायचं, कोण राहतं, कोण गेलं, कोण वारलं ते नोंदवायचं. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, तिन्ही तारखा लिहायच्या, आणि तरी कोणी भेटलं नाही तर 'स्थलांतरित' असा शेरा मारायचा. त्या वर्षी उन्हाळ्यात शाळा सुटली की मी ते काम करायची. डोक्यावर ओढणी, पिशवीत पाण्याची बाटली, आणि लिंबायतचे ते अरुंद जिने. त्या मुलीच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर एकदाच चढले होते. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, "वो लोग गाँव गये हैं." मी जिन्यातच बसून फॉर्म भरला. पहिली तारीख खरी लिहिली. पुढच्या दोन तारखा तिथेच बसून, पुढच्या आठवड्यातल्या टाकल्या. खाली सही केली. असं त्या उन्हाळ्यात मी पाच-सहा घरांचं केलं असेल. सगळेच करतात, असं मनाशी म्हटलं होतं.

मुलीनं विचारलं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. म्हातारी दारात साड्यांचा ढीग घेऊन बसली होती. कारखान्यातून आलेल्या साड्यांचे मागच्या बाजूचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी करायची. नवरा सुरतेतच उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता, तो वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून सकाळीच कामावर जात. मी उन्हाळ्यात आले तेव्हा ती जवळच भेस्तानला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, महिनाभर. एवढंच झालं होतं; गावाला कोणी गेलंच नव्हतं, शेजारणीचा गैरसमज होता. मुलाचं आणि सुनेचं नाव त्यांनी पुन्हा धावपळ करून लावून घेतलं होतं. तिचं राहिलं होतं.

"बाई, मनं नाव कोठे गयं?" तिनं अहिराणीत विचारलं. "मी ते जित्ती शे."

"लावून देते आजी," मी म्हटलं. कोणी कापलं ते सांगितलं नाही.

नवा अर्ज मी स्वतः भरला. तिच्याकडे दोन कागद होते. गावाकडच्या कागदावर तिचं नाव एक होतं, इथल्या गुजराती रेशनकार्डावर दुसरं. लग्नानंतर नाव बदललेलं, त्यात लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलेलं. जन्माचा दाखला नव्हताच. अर्ज परत आला: नावात फरक. मी पुन्हा भरला. तो पुन्हा परत आला. तेव्हा मी तिला घेऊन कचेरीत गेले. तीन तास बाकावर बसलो. ती नवी साडी नेसून आली होती आणि कोणी आत-बाहेर गेलं की पदर सारखा करायची.

आतला अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं जुना शेरा काढून पाहिला. म्हणाला, नवा अर्ज कशाला हवा, शेराच चुकीचा असेल तर जुनं नाव परत लावता येईल. मग शेऱ्यावर बोट ठेवून हे कोणी लिहिलं ते मला विचारलं,

"आ स्थलांतरित कोणे लख्युं छे, बेन?"

"में लख्युं छे," मी म्हटलं.

"त्रण वखत गया हता?"

तीन वेळा गेला होतात का, एवढंच त्यानं विचारलं. म्हातारी माझ्या शेजारी उभी होती. तिला गुजराती चांगलं समजत होतं, चाळीस वर्षं सुरतेत काढलेली बाई. नाही म्हटलं असतं तर तिचं नाव लागलं असतं. माझी चौकशी झाली असती, कदाचित नोकरीवर आलं असतं. घरात माझ्या एकटीचाच पगार येतो.

"हा," मी म्हटलं. "त्रण वखत."

त्यानं फाईल मिटली. मग नवा अर्जच करा, म्हणाला, वयाचा पुरावा जोडून. तो पुरावा गावाकडून यायचा होता. तो यायच्या आत यादी बंद झाली.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर टेबल टाकून यादी घेऊन बसले होते. दहाच्या सुमाराला ती नातीचा हात धरून आली.

"एकदा देखी ल्या," ती म्हणाली.

माहीत असून मी पानं उलटली. तिच्या सुनेचं नाव दाखवलं, मुलाचं दाखवलं. मागे रांग होती. शेवटी मी नाही म्हणून मान हलवली. ती रांगेतून बाजूला झाली, नात मात्र माझ्याकडे बघत राहिली. त्या मुलीनं त्यानंतर वर्गात मला एकही प्रश्न विचारला नाही.

पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. मग एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले आणि म्हातारीला सगळं सांगितलं. एकदाच आले होते, दोन तारखा खोट्या लिहिल्या, कचेरीतही खोटं बोलले. ती धागे कापत ऐकत होती.

"माले समजनं व्हतं कचेरीमा," ती म्हणाली. कचेरीत माझं उत्तर ऐकूनच तिला कळलं होतं.

मग तिनं आपल्या आईचं सांगितलं. देशातली पहिली यादी लिहायला माणसं त्यांच्या गावात आली, तेव्हा आईनं परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, एवढंच म्हणाली. यादीत तसंच लिहिलं गेलं. अशी अमक्याची बायको, तमक्याची आई किंवा सून म्हणून लिहिलेली नावं पुढे सगळी काढून टाकली. आई मतदानाला गेली आणि तशीच परत आली, हे ती मरेपर्यंत सांगायची. मी इतकी वर्षं तो धडा शिकवत होते, पण हे मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

बोलणं संपवून तिनं कात्री खाली ठेवली.

"आते मनं नाव लागी जाई का?"

"आता मतदान झालं, आजी. पुढच्या वेळी बघू."

"मंग माले हाई कसाले सांगं?"

हे मला कशाला सांगितलं, असं तिनं सरळ विचारलं. आवाजात राग नव्हता. मला हलकं वाटावं म्हणून मी आले होते, हे तिच्यापुढे बोलायची माझी हिंमत झाली नाही. तिनं ढिगातली दुसरी साडी मांडीवर ओढली, उलटी केली आणि धागे कापू लागली. मी जिना उतरून खाली आले.