मायक्रॉनबाईंचं मशीन

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉनबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं आणि मनातून थोडं आवडायचंही.

टूलरूमच्या कोपऱ्यात काचेची एक खोली होती. तिथे एकतीस वर्षं बाई तपासणीला होत्या. मशीनवर बनलेला प्रत्येक भाग ट्रेमधून त्यांच्या टेबलावर यायचा. त्या तो पुसायच्या, मायक्रोमीटरमध्ये धरायच्या आणि केसाच्या चौथ्या हिश्शाएवढा जरी फरक निघाला तरी त्यावर लाल ठिपका द्यायच्या. लाल ठिपका म्हणजे भाग बाद. मग काचेबाहेर कुणाचा तरी आवाज चढायचा.

सगळ्यांत मोठा आवाज मिलिंग मशीनवर लोखंड कापणाऱ्या उस्तादांचा. माणूस हाताचा पक्का, पण नाकावर राग. "बाई, खुर्चीत बसून मोजणं सोपं असतं. एकदा उभं राहून कापा!" असं ते दर आठवड्याला म्हणायचे, आणि दर आठवड्याला बाईंना ते लागायचं. कारण नोकरीला लागल्या त्याच महिन्यात त्यांनी फोरमनकडे मिलिंग मशीन मागितलं होतं. फोरमन हसला होता. "बायकांना मशीनवर देत नाही. तुम्ही आपल्या मोजा." लोखंडावर कटर फिरताना येणारा तो खर्रर्र आवाज बाईंनी एकतीस वर्षं काचेआडून ऐकला. हँडलला मात्र बोटसुद्धा लागलं नाही.

निवृत्त झाल्यावर चार महिने त्यांनी घर आवरलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लागले, चमचे लांबीप्रमाणे. त्यांचे यजमान ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवून निवृत्त झालेले, स्वभावाने गमत्या. ते म्हणाले, "अगं, आता मीच राहिलोय. मलाही मोजून एखाद्या फळीवर ठेव."

अशात समोरच्या शिवणवाल्या ताईंचं काजाचं मशीन बंद पडलं. शर्टाला काजं पाडणारं ते जुनं, काळं मशीन म्हणजे त्यांच्या दुकानाचा उजवा हात. आतला अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा मधोमध तुटला होता. बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेलच केव्हाचं बंद केलेलं. ताई डोक्याला हात लावून बसल्या होत्या आणि पुढ्यात बिनकाजांच्या शर्टांचा ढीग.

बाईंनी तुटलेले दोन तुकडे तळहातावर घेतले, जोडून पाहिले. एक खाच, दोन भोकं, एक तिरपी कड. बस.

"हे मी करून देते," त्या म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं. रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

"कशावर करणार?" यजमानांनी विचारलं.

"मिलिंग मशीनवर."

"कुठल्या?"

"घेऊ या आपण. छोटं. गॅरेजात बसेल असं."

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. गॅरेजात त्यांची जुनी गाडी राहायची, दर रविवारी पुसली जाणारी. ते म्हणाले, "जन्मभर लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवली. आता माझीच मागे घेतो."

दुसऱ्या दिवशी बाई शहरातल्या मोठ्या दुकानात गेल्या. पर्समध्ये रुमाल, चष्मा, आणि मऊ कापडात गुंडाळलेली डायल. डायल म्हणजे हातातल्या घड्याळाएवढं माप. त्याची सुई एक मायक्रॉनही, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागही लपवत नाही. दुकानात टेबलावर बसणारं एक मशीन होतं, निळं, चकचकीत, आकडे दाखवणारा पडदा असलेलं. बाईंचे हात शिवशिवायला लागले. विक्रेता मुलगा पाठ केल्यासारखा बोलत होता. बाईंनी चुंबकाच्या स्टँडवर डायल लावली, तिचं टोक मशीनच्या डोक्याला, म्हणजे कटर धरणाऱ्या वरच्या भागाला टेकवलं आणि डोकं नुसतं हाताने ढकललं. सुई सरसर पळाली.

"मॅडम, असं कुणी ढकलून बघत नाही."

"कटर ढकलणार ना पण?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी डोकं वर नेलं, परत खाली आणलं. डोकं ज्यावर बसवलं होतं तो खांब गोल होता. वर-खाली करताना डोकं किंचित फिरलं, आणि भोक जिथे पाडायचं तिथून कटर सरकलं. हे बघितल्यावर पडद्यावरचे सुंदर आकडे बाईंच्या मनातून उतरले.

तरी घरी येताना त्या खुशीत होत्या. चुका शोधणं ही त्यांची रोजची भाकरी होती. अडचण वेगळीच होती. काय वाईट ते त्यांना कळत होतं, पण चांगलं कुठलं, कामाला कुठलं पुरेल, हे मशीनवर उभं राहिलेल्या माणसालाच कळणार. असा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता. दोन दिवस त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला.

पलीकडून उस्ताद म्हणाले, "तुम्ही? मिलिंग मशीन? स्वतःसाठी?" आणि लगेच, "उद्या नऊला येतो. एकट्या जाऊन काही घेऊ नका!"

नऊला येतो म्हणालेले उस्ताद साडेआठला हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात टॉर्च. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत त्यांना कुणी कसला सल्ला विचारला नव्हता. आल्या आल्या ते गॅरेजात गेले, जमिनीवर टाच आपटून पाहिली, विजेचा बोर्ड उघडला.

"घरची वीज आहे, सिंगल फेज. कारखान्यातली मशिनं इथे चालायची नाहीत. आणि बाई, गोल खांबाचं घेऊ नका."

"ते पाहिलं मी."

"पाहिलंत?" उस्ताद जरा खट्टू झाले. "बरं. मग वजन बघायचं. हलकं मशीन थरथरतं. थरथरलं की कटर बोंबलतं. दोन माणसांना उचलता आलं तर ते खेळणं समजा."

यजमानांनी गाडी काढली आणि तिघं निघाले. पहिल्यांदा एका बंद पडणाऱ्या साच्यांच्या कारखान्यात. तिथे खिडकीखाली एक प्रचंड मशीन उभं होतं, हिरवं, तेलाने काळवंडलेलं. बाईंनी त्याचं हँडल फिरवलं. लोण्यात सुरी जावी तसं टेबल सरकलं. त्यांनी डायल लावली. सुई जागची हललीच नाही. बाई उस्तादांकडे अशा बघायला लागल्या की उस्तादांनी नजर चुकवली.

"टनभर वजन आहे त्याचं," ते म्हणाले. "थ्री फेज. तुमचं गॅरेज आहे का विमानतळ?"

"गाडी विकली तर..." बाई म्हणाल्या.

"गाडी बाहेर ठेवायची ठरलंय, विकायची नाही," यजमान दारातून ओरडले. बाईंनी हँडल आणखी एकदा फिरवलं, मग आणखी एकदा. शेवटी उस्तादांना त्यांना हाक मारून बाहेर काढावं लागलं.

तिसरं मशीन उस्तादांच्या जुन्या दोस्ताने सुचवलं. एक म्हातारे गृहस्थ वाफेवर चालणारी हातभर लांबीची इंजिनं छंद म्हणून बनवायचे. आता ते आठव्या मजल्यावर मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांच्या पडवीत खोक्यांच्या मधोमध मशीन उभं होतं, करड्या रंगाचं, कमरेएवढ्या लोखंडी पेटीवर बसवलेलं. खांब चौकोनी, खाचेत सरकणारा. घरच्या विजेवर चालणारं. वजन पावणेदोनशे किलो.

"आधी चार जण येऊन गेले," म्हातारे म्हणाले. "चौघांनाही नाही म्हटलं. एकाला नुसतं दुकानात शोभेला ठेवायचं होतं. तुम्ही काय करणार यावर?"

बाईंनी पर्समधून काजाच्या मशीनचे दोन तुकडे काढले. म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडे उजेडात धरले. मग बाजूला झाले आणि हँडलकडे हात केला.

बाईंनी सगळं तपासलं. अर्धा तास गेला. डोकं ढकललं, सुई जेमतेम हलली. वर-खाली केलं, कटरची जागा तिथेच. मग त्यांनी हँडल उलटं फिरवलं आणि थांबल्या. हँडल थोडं फिरेपर्यंत टेबल हलत नव्हतं; टेबल सरकवणारा स्क्रू ढिला होता.

"स्क्रूमध्ये प्ले आहे. दीडशे मायक्रॉन."

म्हातारे ओशाळले. "मला वाटायचं शंभर असेल."

"दीडशे," बाई म्हणाल्या, आणि सवयीने त्यांचा हात पर्समधल्या लाल पेनकडे गेला.

"अहो बाई!" उस्तादांनी हात जोडले. "तुम्ही तरुण मशीन शोधताय का? मी ज्या मशीनवर जन्म काढला त्यात दुप्पट प्ले होता. किती आहे ते ठाऊक असलं की हात तेवढं सांभाळून घेतो. बाकी अंगाने कसं आहे बघा. दगड आहे दगड!"

बाईंनी तळहात मशीनच्या थंड खांबावर ठेवला. आणि इतका वेळ आवरून धरलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"हेच," त्या म्हणाल्या.

मशीन आणायच्या दिवशी गल्लीतली अर्धी माणसं जमली. डोकं सोडवून वेगळं आणलं, धड लोखंडी नळ्यांवर लोटत लोटत दारापर्यंत आणलं. आणि मग कळलं की शटरची गुंडाळी दारावर वीतभर खाली लोंबते. पेटीवर बसवलेलं मशीन दारातून जाईना. बाईंनी गॅरेजची लांबी, रुंदी, छताची उंची सगळं वहीत लिहिलं होतं. दार मोजायचंच राहिलं होतं.

"मायक्रॉन मोजले, वीत विसरल्या," उस्ताद म्हणाले. बाई आधी लाल झाल्या आणि मग खो खो हसत सुटल्या. पेटी वेगळी नेऊन, आत नेल्यावर परत चढवण्यात दुपार गेली. जमिनीला दाराकडे उतार होता. तो पत्र्याच्या चकत्या घालून काढता काढता दुसरा दिवस गेला. पातळी दाखवणाऱ्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध आल्याशिवाय बाईंनी कुणाला जेवू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मशीनपुढे उभ्या राहिल्या. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात कापायचा तुकडा घट्ट पकडलेला. उस्ताद हात पाठीमागे बांधून उभे. यजमान दाराबाहेर, एक पाय पळायच्या तयारीत.

बाईंनी बटण दाबलं. कटर फिरायला लागलं. त्यांनी हँडल फिरवलं आणि पहिला कीस उडाला, चकचकीत, गरम, मनगटावर येऊन पडला. बाईंनी तो झटकला नाही.

"आता कड घ्या," उस्ताद म्हणाले.

बाईंनी तुकड्याची बाजू कटरला लावली, पण चुकीच्या दिशेने. कटरने तुकडा स्वतःच्या अंगाखाली ओढला, स्क्रूमधल्या त्याच दीडशे मायक्रॉनमुळे टेबल धाडकन पुढे आलं, आणि कटर टण्णकन तुटून भिंतीवर आदळलं. यजमान रस्त्यावर पोचले होते.

बाईंनी मशीन बंद केलं. उस्ताद ओरडतील असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "मी शिकत होतो तेव्हा पहिल्या दिवशी तीन तोडली होती. कटर फिरतं त्याच्या उलट दिशेनं भरवा. ते ढकलेल, तुम्ही रेटा. मग प्ले मध्ये येत नाही. दुसरं कटर लावा."

दुसऱ्या कटरने कड झाली. मग खाच. खर्रर्र आवाजाला आता मध्ये काच नव्हती. तो तळपायातून वर चढत होता. बाईंच्या कपाळावर घाम होता आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. दुपारी तुकडा तयार झाला. उस्तादांनी मापाचे ठोकळे घेऊन खाच तपासली.

"वीस मायक्रॉन जास्त. शिवणाच्या मशीनला चालून जाईल."

"नाही चालणार," बाईंनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा तुकडा व्हाइसमध्ये चढवला. उस्तादांनी कपाळाला हात लावला, पण स्टूल ओढून बसले.

तिसरा तुकडा बाईंच्या मनासारखा झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तसाच तेलकट हातांनी तो घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. मागे उस्ताद, त्यांच्यामागे यजमान. शिवणवाल्या ताईंनी तुकडा बसवला, चाक हाताने एकदा फिरवून पाहिलं, मग पाय दाबला. टकटकटकटक. शर्टावर एक काज उमटलं, रेखीव, सरळ. ताईंनी त्यातून बटण घालून पाहिलं, हसून बाईंच्या खांद्यावर एक चापट मारली आणि लगेच दुसरा शर्ट ओढला. ढीग मोठा होता.

बाई पंधरा काजं होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

आता उस्ताद दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बाईंना नवीन काही शिकवतात, आणि दोघं मापावरून जोरजोरात भांडतात. दुकानांतून, दवाखान्यांतून, कुठून कुठून लोक मोडके तुकडे कागदात गुंडाळून आणतात. मागच्या आठवड्यात बाई आत आल्या तर यजमान मशीनपुढे एकटेच उभे, बंद मशीनचं हँडल हळूच फिरवत.

"अगं, हे मला शिकता येईल का गं?" त्यांनी विचारलं.

"येईल की," बाई म्हणाल्या आणि खुंटीवरचा दुसरा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "आधी बाह्या दुमडा."