परत करायचं बाळ
बाळंतशोपा भाजल्याचा वास आला, की मला परदेशातल्या पार्सिपनी गावातलं आमचं जुनं अपार्टमेंट आठवतं. मुलगी दहा दिवसांची होती, मदतीला येणाऱ्या माझ्या आईचा व्हिसा अडकला होता आणि बायकोचा चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या सकाळी मी तिच्यासाठी बाळंतशोपा भाजत होतो. बाहेर बर्फ पडत होता, घरात हीटरची घरघर तेवढी चालू होती. वळून पाहिलं, तर ती कोट घालून दाराशी उभी, बाळ कार सीटमध्ये बांधलेलं. "कुठे निघालीस?" मी विचारलं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "हे आपलं नाही रे. हॉस्पिटलमध्ये बाळं एक्स्चेंज झालीयेत. मी दूध पाजलंय त्याला, आता परत करू. त्याची आई शोधत असेल." माझ्या अंगावर काटा आला, कारण तिच्या डोळ्यांत वेड दिसत नव्हतं, नुसती काळजी होती. वाद घातला असता तर ती एकटीच निघाली असती. मी गॅस बंद केला आणि म्हणालो, "चल, परत करून येऊ." वाटभर ती बाळाला थोपटत होती, परक्याचं मूल थोपटावं तशी, जपून. इमर्जन्सीतले डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतरचा हा गंभीर मानसिक आजार आहे, वेळेत आणलंत. सहा आठवड्यांनी ती बरी होऊन घरी आली आणि मुलीला छातीशी धरून खूप रडली. आज तिला त्यातलं काहीच आठवत नाही. पण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कार सीट उचलताना मी बाळाकडे पाहिलं, आणि क्षणभर मलाही तो चेहरा अनोळखी वाटला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.