डॅरिल स्टोबार्टने गल्ली कशी निवडली

तो माणूस पहिल्यांदा दिसला एका मंगळवारी, आणि मंगळवारी आमच्या टॅनर्स रो गल्लीत परक्या माणसाचं काही काम नसतं. राखाडी गाडी, काचा अर्ध्या खाली, मांडीवर थर्मास, हातात चीझ-पिकलचं सँडविच. गाडी उभी होती बरोब्बर सात नंबरसमोर. सात नंबर तेव्हा रिकामं होतं. तिथली म्हातारी एडना वारली आणि तिच्या भाच्याने ते विकायला काढलं. मी नऊ नंबरची. सात आणि नऊ म्हणजे जोडघर, मधली भिंत एकच. तिथे कोण येणार याची काळजी भाच्याला नव्हती, एजंटला नव्हती, ती होती फक्त मला.

पहिल्या दिवशी तो दोन तास बसला. रविवारी पुन्हा आला. मग एका गुरुवारी सकाळी साडेपाचला, कचऱ्याची गाडी यायच्याही आधी. गाडीतून उतरला नाही, कुणाशी बोलला नाही, नुसता कान देऊन बसला. आता कान देऊन बसणारा माणूस बघितला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. बघणारा परवडला.

समोरच्या डेरिकने तर पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला होता, आणि पाच आठवड्यांनीही त्याचं तेच चालू होतं. डेरिक आयुष्यभर लोकांच्या घरात जाऊन गॅसचे मीटर वाचायचा, निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून गल्ली वाचतो.

"अगं पॉलीन, चोर आहे तो. सांगून ठेवतो."

"चोर पाच-पाच आठवडे थर्मास घेऊन येतो होय रे?"

"पाहणी करतोय. माझ्या घरावर त्याचा डोळा आहे."

"तुझा तो टीव्ही त्याने नेला तर दुसऱ्या दिवशी आणून देईल, वर माफी मागेल."

मी हसले खरी, पण गाडीचा नंबर मीही लिहून ठेवला.

मग तो लोकांशी बोलायला लागला. नाव सांगितलं डॅरिल स्टोबार्ट. बस चालवतो, समुद्राकाठच्या एका गावाहून येतो, बदली मागितली आहे, बायको आहे, एक मुलगी आहे, आमच्या गावात घर बघतोय. इथवर सगळं ठीक. पण प्रश्न काय विचारायचा? भिंती जाड आहेत का? तुम्ही सकाळी किती वाजता उठता? शेजारचं कुत्रं भुंकलं तर काय करता? आणि हळूच, बुटाकडे बघत, इथे कुणी कुणाची कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, तक्रार करतं का?

आता आमच्याकडची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. घर विकताना विकणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागतो. शेजाऱ्याशी तंटा झाला असेल, कुणी तक्रार केली असेल, तर ते त्यात कबूल करावं लागतं. एकदा ते लिहिलं की गिऱ्हाईक पळालंच. म्हणून शहाणी माणसं लेखी काही ठेवत नाहीत. आतून जळतात आणि बाहेर दात दाखवतात. आणि नवख्या माणसाने विचारलं, गल्ली कशी आहे हो, तर आख्खी गल्ली एका सुरात सांगते, छान आहे, शांत आहे. त्यालाही सगळ्यांनी तेच सांगितलं. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई तर म्हणाली, "इथे टाचणी पडली तरी ऐकू येते."

ते ऐकून त्याचं तोंड पडलं. मी स्वतः बघितलं, मी तिथेच पाव घेऊन उभी होते. घर शोधणारा लेकुरवाळा माणूस, त्याला शांतता मिळतेय म्हटल्यावर त्याने खूश व्हावं की नाही? पण त्याचा चेहरा खुलला तो फक्त एकदाच. बारा नंबरची ओशाळून म्हणाली की आमचा थोरला ड्रम बडवतो, तेव्हा. "हो का? किती वाजता? रोज?" असं इतक्या हौसेने विचारलं त्याने, की ती बिचारी घाबरून घरात गेली आणि कडी लावली.

मग डेरिकची मेहुणी बातमी घेऊन आली. हाच माणूस म्हणे कालव्याकाठच्या घरांतही फिरत होता, हॉस्पिटलमागच्या नव्या वसाहतीतही. आणि नव्या वसाहतीत तर पोलीस आले होते त्याच्यासाठी. का आले ते तिला माहीत नव्हतं. पण आले होते.

"बघ," डेरिक म्हणाला. "जाड भिंती हव्यात त्याला. जाड भिंती कुणाला लागतात, सांग ना!"

त्या दिवशी मी मागच्या दाराला दुसरं कुलूप लावलं.

पुढच्या शनिवारी एजंटबाई त्याला तिसऱ्यांदा घर दाखवायला घेऊन आली. ती बाहेर गाडीत बसून फोनवर बोलत राहिली आणि तो एकटा आत गेला. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. पाचेक मिनिटं झाली असतील आणि भिंतीपलीकडून किंकाळी आली. लहान मुलीची. लांबलचक, वर वर चढत जाणारी. मग दुसरी आली. मग काहीतरी दाणदाण आपटल्याचा आवाज.

हातात बटाट्याची सुरी होती ती टाकली, कारण सुरी घेऊन गेलं तर आपणच आत जातो, आणि लोखंडी तवा उचलला. समोरून डेरिक चपला न घालताच धावत आला, फोन कानाला. "पोलिसांना लावतोय! आत जाऊ नकोस पॉलीन!" मी कसली ऐकते. एडनाची किल्ली माझ्याकडे होतीच, पण दार नुसतंच लोटलेलं होतं. धाडकन उघडलं.

बैठकीच्या रिकाम्या खोलीत, भिंतीला टेकून, डॅरिल स्टोबार्ट जमिनीवर बसला होता. मुलगी कुठेच नव्हती. त्याच्या पायाशी फोन होता, फोनला एक छोटा स्पीकर जोडलेला, आणि किंकाळी त्यातून येत होती. तो मनगटावरच्या घड्याळात बघत होता.

"पावणेदोन मिनिटं," तो म्हणाला.

"बंद कर ते आधी! कुणाची पोर आहे ती? काय केलंस तिला?"

त्याने बंद केलं. "माझी. बेथनी. दहा वर्षांची आहे." मग तव्याकडे बघून, "ओरडते ती. बोलत नाही, ओरडते. दुखतंय खुपतंय असं काही नाही. उजाडलं की तिला आनंद होतो."

मी तवा खाली घेतला नाही. आनंदाने असं कुणी ओरडतं यावर कोण विश्वास ठेवेल? तेव्हा त्याने फोनमधलं चित्र दाखवलं. खिडकीत उभी एक बारकीशी पोर, दोन्ही हात वर, पडद्यावर ऊन आलंय, आणि तोंड एवढं मोठं उघडलेलं. हसत होती. ओरडत होती आणि हसत होती.

मी बाहेर जाऊन डेरिकला सांगितलं, फोन ठेव आणि घरी जाऊन पाय धू.

मग डॅरिलने सगळं सांगितलं. तिथे, त्यांच्या गावी, शेजारी एक बाई होती. पहिल्या दिवशी लिंबाचा केक घेऊन आली. "अहो, काही त्रास नाही. लहान मूल आहे, चालायचंच," म्हणाली. नाताळात बेथनीला टोपी विणून दिली. आणि दोन वर्षं, रोज, कौन्सिलने दिलेल्या तक्रारीच्या कागदांवर लिहीत होती. तारीख, वेळ, किती मिनिटं. सहा दहा, किंकाळी. सहा चाळीस, आपटणं. यांना पत्ताच नाही. एक दिवस कौन्सिलचा लिफाफा आला तेव्हा कळलं. त्यानंतर माणसं यायला लागली, आवाज मोजायचं यंत्र लावून गेली, आणि शेवटी एक जण सौम्य आवाजात म्हणाला की अशा मुलांसाठी चांगल्या संस्था असतात, साठ मैलांवर एक आहे, तिथे राहील ती, तुम्ही महिन्यातून दोनदा भेटा.

"इथल्या शाळेने तिला घेतलंय," डॅरिल म्हणाला. "सप्टेंबरपासून. अशी शाळा आमच्या बाजूला नाही. पण इथेही कुणी कागद भरायला लागलं, तर ते म्हणणार, बघा, घर बदलूनही तेच. मग नेतीलच तिला. दुसरी संधी नाही मला."

म्हणून तो गल्ल्या ऐकत फिरत होता. शांत गल्ली त्याला नकोच होती. आणि प्रत्येक ठिकाणी, घर बघायला म्हणून आत शिरून, तो मुलीचा आवाज लावून, कोण काय करतं आणि किती वेळात, ते बघत बसायचा. कालव्याकाठी पडदे हलले आणि कुणी आलं नाही. नव्या वसाहतीत कुणी दारावर आलं नाही, थेट पोलीस आले.

"इथे तुम्ही आलात," तो म्हणाला. "पण त्यावरून काही ठरत नाही. तुम्हाला चालेल का, मिसेस क्लेग? रोज? याच भिंतीपलीकडे?"

आणि मी, इथेच जन्मलेली आणि इथेच वाढलेली बाई, मी काय म्हणावं? तोंडून आपोआप निघालं, "अहो, त्यात काय! काही त्रास नाही."

त्याने फोन खिशात घातला, स्पीकर पिशवीत टाकला आणि उठला. "आभारी आहे," म्हणाला. चेहरा पार मिटलेला. मी त्या केकवाल्या बाईचंच वाक्य बोलले होते, अक्षरन् अक्षर. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला संताप येतो, माझा तसा स्वभावच आहे.

"थांब रे!" मी ओरडले. "खोटं बोलले मी. चालेल कसं? एकाहत्तर वर्षांची आहे मी, झोप मुळातच चार तास. जूनमध्ये साडेचारला उजाडतं, तेव्हा तुझी पोर ओरडली तर मी हीच भिंत बुटाने बडवीन. दारात येऊन तुला शिव्या घालीन, सगळ्या गल्लीसमोर. तुझ्या बायकोला सांगेन की तुम्ही माझं आयुष्य कमी केलंत. पण लिहिणार नाही. जे काय असेल ते तुझ्या तोंडावर. मी आयुष्यात कुणाला पाठीमागून काही लिहिलेलं नाही, आणि आता या वयात सुरुवात करणार नाही."

त्याने पिशवी खाली ठेवली.

"बुटाने?" त्याने विचारलं.

"टाचेने."

सोमवारी त्याने घर घेतलं.

ऑगस्टच्या शेवटी ते आले. बायको लोरेन, बारीक, कायम दचकलेली. पहिल्या आठवड्यात मी तिला दार उघडताना बघायची तेव्हा तिची नजर आधी माझ्या हाताकडे जायची, हातात केक तर नाही ना. बेथनी मात्र सरळ माझ्या घरात आली, पातेल्यांची झाकणं काढली आणि जमिनीवर एकेक फिरवत बसली. पोर गोड आहे. आणि आवाज असा, की देवा! पहिल्या सकाळी पाच पन्नासला मी खाटेवरून पडायची बाकी राहिले. बूट उचलला आणि शब्द पाळला.

तीन वर्षं होऊन गेली त्याला. डॅरिल कामाला निघताना कुंपणापाशी थांबतो आणि विचारतो, "कशी गेली सकाळ, मिसेस क्लेग?" मी म्हणते, "कसली सकाळ! डोकं उठलंय माझं. जरा पडदे जाड लाव की रे, कंजूष माणसा!" की मग तो हसतो आणि शीळ घालत बसडेपोकडे जातो. आधी वाटायचं, माणूस निर्लज्ज आहे.

गेल्या फेब्रुवारीत माझी धाकटी बहीण गेली, गल्लीत मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात काही त्राणच नव्हतं. डॅरिलने कुंपणावरून विचारलं, "कशी गेली सकाळ?" मी म्हणाले, "छान. काही त्रास नाही." आणि आत आले.

तासाभराने लोरेन दारात. तोंड पांढरंफटक, अंगात कोटही नाही.

"पॉलीन, खरं सांगा. तुम्ही कुणाला काही लिहिलंय का?"

मला वाटलं हिच्या एक थोबाडीत द्यावी. तीन वर्षं! तीन वर्षं माझ्या झाकणांवर पोर वाढली यांची, ही तापाने फणफणली तेव्हा मी हिच्या उशाशी बसले, आणि एका वाक्यावर मी केकवाली झाले? रडू आलं, खोटं का बोलू. बहिणीसाठी आलं नव्हतं तेवढं आलं.

तिला ढकलत मी सात नंबरमध्ये शिरले. डॅरिल कामाला गेलाच नव्हता. स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, समोर संगणक, त्यावर घरांची चित्रं. दुसऱ्या गावांतली. माझी चाहूल लागली तरी त्याने मान वर केली नाही.

"ऐक!" मी म्हणाले. "नीट ऐक, मूर्ख माणसा. तीन वर्षांत मी एक रात्र धड झोपलेले नाही. जून महिना आला की मला धडकी भरते. तुझी पोर माझी साखर सांडते, झाकणांना पोचे पाडते, चर्चमधून आलेल्या बायकांसमोर बोंब ठोकते. तुझा रेडिओ मोठा असतो. तुझं कुंपण माझ्या बाजूला कललंय. आणि काल माझी बहीण पुरली मी, म्हणून आज एक दिवस तोंडात शिवी आली नाही, तर तुम्ही बोचकी बांधायला निघालात!"

आता त्याने वर बघितलं. डोळे भरले होते.

"अजून?" तो म्हणाला.

"अजून काय?"

"अजून काय काय त्रास आहे?"

मग मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. अर्धा तास सांगत होते. त्याने मध्येच संगणक मिटला, लोरेनने चहा टाकला. वर बेथनी ओरडली, खिडकीत ऊन आलं असणार, आणि आम्हा तिघांपैकी कुणीही मान वर केली नाही.

निघताना तो दारापर्यंत आला. "बहिणीचं ऐकून वाईट वाटलं," म्हणाला. मग बुटाकडे बघत, "उद्या बोलाल ना?"

"उद्या बोलेन," मी म्हणाले. "परवाही बोलेन."