आमच्या साहेबांचा दुखवटा

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चांगल्या जित्याजागत्या, समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाचा दुखवटा झालाय माझ्यामुळे. तोही माझ्याच मालकाचा आणि माझ्याच होणाऱ्या सासऱ्याच्या हातून!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी वळ गावातल्या एका गोदामात सुपरवायझर होतो. शेलार गावच्या वंदनाशी साखरपुडा झाला होता, लग्न तोंडावर आलं होतं. आणि नेमका त्याच वेळी मला एक पुस्तक लागलं. दारू लागते ना माणसाला, तसं!

लायब्ररीतून दुसरंच काहीतरी आणायला गेलो होतो, हाती आलं ते एका इंग्रज विचारवंताच्या लेखांचं मराठी भाषांतर. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला माणूस. दाढीवाला, कपाळावर कायमची आठी. पण लिहिलं काय होतं राव! माणसाचं शील त्याच्या बोलण्यात नसतं, कुणी बघत नसताना तो जे काम करतो त्यात असतं. मन लावून केलेलं कुठलंही काम पवित्रच, मग ते गोणी उचलण्याचं का असेना. आणि डोक्याला जे वर्षानुवर्षं कळत नाही, ते काळजाला एका क्षणात कळतं. असं बरंच काय काय.

मी पार वेडा झालो. त्यांच्या नावाचा उच्चार काही जिभेवर बसेना, म्हणून मी त्यांना 'साहेब' म्हणायला लागलो. इथेच माती खाल्ली!

वंदनाला रोज फोन करायचो. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज यायची ती फक्त वजनकाट्याजवळ. तिथे एका पायावर उभा राहून मी सुरू व्हायचो, "आमचे साहेब म्हणतात, हमालाच्या घामाला मान द्यायला शिका. आमचे साहेब म्हणतात, कमी बोला."

"किती चांगले आहेत हो तुमचे साहेब!" ती म्हणायची.

"चांगले? अगं, माणसाचं हृदय म्हणजे साहेबांचा खास विषय!"

आता सांगा, त्या बिचारीने काय समजावं? गोदामात काम करणारा माणूस साहेब म्हणतोय, म्हणजे गोदामाचा मालकच ना? पण हे माझ्या डोक्यात येईल तर शपथ!

एके दिवशी ती म्हणाली, "लग्नाला साहेबांना घेऊन यायचंच हं. मला पाया पडायचंय त्यांच्या."

मला वाटलं, चेष्टा करतेय. त्यात त्या आठवड्यात गोदामात सुक्या मिरचीची पोती उतरली होती. डोळ्यांतून धार, नाकातून धार. मी नाक ओढत म्हणालो, "अगं, साहेब कसले येतात आता? साहेब गेले!"

"अगं बाई! कधी?"

"कधीच गेले." मी परत नाक ओढलं.

"अहो, रडू नका ना असे!"

"रडत नाहीये गं, ही मिर..." आणि रेंज गेली.

मी फोन खिशात टाकला आणि कामाला लागलो. विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रक खाली करून घेत होतो. सहज ऑफिसच्या काचेतून आत बघितलं, तर वंदनाचे वडील, तात्या! पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात केवढा मोठा हार. शेजारी त्यांचे धाकटे बंधू, मान खाली घालून. आणि समोर आमचे शेठ, चहाचा कप घेऊन.

आमच्या शेठचं नुकतंच बायपास झालेलं. धक्का बसेल असं काही कानावर घालायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. मी आत शिरतोय तोवर तात्यांनी शेठचा हात हातात घेतला होता.

"शेठ, धीर सोडायचा न्हाय. साहेब गेले, त्याला आता इलाज न्हाय."

"कौन साहब?"

"असं काय करताव? या गोदामाचे मालक!"

"मालिक तो मैं हूँ।"

तात्यांनी मायेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "आता तुमीच हाव. समदा भार तुमच्यावरच आला."

शेठ कप खाली ठेवायचे विसरले. तात्यांनी आवाज आणखी हळू केला. "हृदयाचंच होतं ना?"

शेठचा हात आपोआप छातीवर गेला. "हाँ... बायपास हुआ..."

"त्यानंच नेला बघा माणूस!" बंधू पहिल्यांदाच बोलले.

शेठ पांढरे पडले. मला बघताच ओरडले, "पाटील! ये लोग बोलते हैं मैं गया! मेरे को किसी ने बताया नहीं!"

मी दारातच थबकून मिरचीने चुरचुरणारे डोळे पुसले. तात्यांना वाटलं, मला हुंदका आवरत नाहीये. ते शेठना सांगायला लागले, "जावयाचा लय जीव व्हता साहेबांवर. माणूस पण कसा! कमी बोलायचे. हमालाला मान द्यायचे. कुणावर कधी ओरडले न्हाय."

शेठनी एकदम सुटकेचा निःश्वास सोडला. "फिर वो मैं नहीं था."

मग मला सगळं सांगावं लागलं. पुस्तक, इंग्रज, राणी व्हिक्टोरिया. तात्या डोळे मिटून ऐकत होते.

"म्हंजे साहेब गोरा?"

"हो."

"आन् वारला कधी?"

"झाली असतील शंभराच्या वर वर्षं."

बंधूंनी हाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "दादा, आपल्याला यायला जरा उशीरच झाला."

तात्या ताडकन उठले. "शंभर वर्सांमागं मेलेला माणूस ह्याला रोज काय काय सांगतो! माझी पोरगी द्यायची म्हंजे इचार करायला लागंल." हार टेबलावर ठेवला आणि निघाले. मी मागे धावलो, "तात्या, तात्या" करत गेटपर्यंत गेलो. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

परत आलो तर शेठ तो हार खुर्चीत बसूनच जमेल तेवढा लांब सरकवत होते.

"तेरा साहब काम के बारे में क्या बोलता है?"

काय सांगू, मी तशातही खुलून गेलो! शील, श्रम, मौनाचं मोल... हात हलवून हलवून समजावत होतो.

"मतलब, बात कम, काम ज़्यादा?"

"बरोब्बर, शेठ!"

"ट्रक आधा भरा हुआ खड़ा है."

तो दिवस कसा गेला, माझं मला माहीत. संध्याकाळी वजनकाट्याजवळ उभा होतो. फोन करायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात तिचाच आला. आधी नुसतंच हसणं! थांबेचना.

"तात्या रागावलेत?" मी विचारलं.

"रागावले होते. आता काका ते 'यायला उशीरच झाला' सांगून सांगून हसतायत, म्हणून तेही हसतायत. मला विचारलं, तुझं काय? मी म्हटलं, होकार कायम."

माझ्या जिवात जीव आला. साहेबांचं खरंच होतं म्हणायचं, काळजाला बरोबर कळतं! मी जरा लाडात येऊन म्हणालो, "म्हणजे मी पहिल्यापासूनच मनात भरलो होतो ना?"

ती परत हसायला लागली.

"खरं सांगू? मला साहेबच पसंत पडले होते. म्हटलं, एवढा भला माणूस, त्याने नोकरीवर ठेवलाय म्हणजे तुमच्यातही काहीतरी असेल!"